चंद्र दिसला तर गोळी

दवाखान्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर मी सूर्य आणि चंद्र काढले होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. सूर्याच्या कप्प्यात सकाळची गोळी, चंद्राच्या कप्प्यात रात्रीची. आमच्या डिझाइन स्टुडिओतल्या सहाही जणांना ते एका नजरेत कळलं. सहाही जण पदवीधर आहेत, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

नमुन्याचं पाकीट आत्याला दिलं. तिला अक्षरओळख नाही, ब्लडप्रेशर मात्र भरपूर. चौथ्या दिवशी सकाळी ती जिन्यात चक्कर येऊन बसली. पाकीट पाहिलं तर सूर्याचा कप्पा अर्धा रिकामा, चंद्राचा जसाच्या तसा.

"आत्या, रात्रीच्या का नाही घेतल्यास?"

"चंद्र कुठे होता? तीन रात्री खिडकीत उभी राहिले. नुसते ढग."

"आणि सकाळची?"

"गच्चीवर जाऊन, उन्हात. तूच काढलंयस ना? चार जिने रोज! तुझी डॉक्टरीण भलतीच कडक आहे बाबा."

मला हसू आलं आणि अर्ध्यातच गेलं. सोमवारी अशी चाळीस हजार पाकिटं छापली जाणार होती.

दवाखान्याच्या डॉक्टरबाईंनी येऊन आत्याला तपासलं. प्रेशर चढलेलंच होतं. तरी मला म्हणाल्या, "आता बदल नको. चित्र सुंदर आहे."

"त्या सुंदर चित्रानेच आत्याला जिन्यात बसवलं. सोमवारपर्यंत नवं देतो."

मग मी आत्याचा पिच्छाच पुरवला. दात घासणारा माणूस दाखवला. तिने तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता. कोंबडा दाखवला. "कोंबड्यांचं औषध?" गादीवर झोपलेला माणूस दाखवला. "अरेरे. हा गेलाच की."

अकरा चित्रं फुकट गेली. शेवटी विचारणं सोडलं आणि ती दिवसभर काय करते ते नुसतं बघत बसलो. ती उठते आणि खिडकी उघडते. झोपायच्या आधी दाराला कडी लावते. दोन्ही गोष्टी कधी चुकत नाहीत.

बारावं चित्र: खिडकी उघडणारा हात, कडी लावणारा हात.

"ही कधी घ्यायची, आत्या?"

"कडी लावताना. विचारायचं काय त्यात?"

एका आत्यावर भागणार नव्हतं. शनिवारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहून चाळीस जणांना विचारलं. अडतीस जणांनी बरोबर सांगितलं. एकाने खिडकी दुरुस्तीचा दर विचारला. एक बहिरा होता, त्याने हाताने कडी लावून दाखवली. तोही मी बरोबरच धरला.

डॉक्टरबाई पाकीट बघून म्हणाल्या, "ही कुलपाच्या दुकानाची जाहिरात वाटते."

"वाटू दे."

त्यांनी एकोणचाळीस हा आकडा पुन्हा वाचला आणि सही केली.

पुढच्या आठवड्यात आत्याचं प्रेशर उतरलं. मी निवांत झालो, तेवढ्यात ती म्हणाली, "माझा मेला कडीवर विश्वासच नाही. रात्री तीनतीनदा लावते."

मी पाकीट ओढून घेतलं. "आणि गोळी?"

"एकदाच. मी काय वेडी आहे?"

तरी मी गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या.