बसून खायची चिठ्ठी

सात समुद्रांपलीकडे गोऱ्यांची गोऱ्यांशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि इकडे वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. ज्यांच्या बापानं कधी चार रुपये एका जागी पाहिले नव्हते, ते बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालू लागले. हमालांचे भाव वाढले, तोलाऱ्यांचे वाढले, गाडीवाल्यांचं तर विचारूच नका. वाढला नाही तो एकट्या नत्थुजीचा पगार.

नत्थुजी अकोल्याच्या सरकारी खजिन्यावरचा शिपाई. काम दोनच. दारात उभं राहायचं, आणि खजिनदारानं 'उठाव' म्हटलं की रुपयांची पेटी उचलायची. दारात बसायला मनाई. मोगलाई होती तेव्हा तो तहसिलीत उभा होता, इंग्रज आला तेव्हा कचेरीत उभा राहिला. राज्य बदललं, पाय तेच राहिले. आता त्या पायांचे गुडघे कामातून गेले होते आणि सकाळी उठताना त्याची कंबर जुन्या दारासारखी वाजायची. त्याची बायको गोदाबाई रोज तो आवाज ऐकूनच चूल पेटवायची.

"सोडाव नं माय ते नौकरी!" शेजारची पार्बताबाई म्हणायची. "माया जावाई कापसाच्या गाठी वाहून राहिला, तुमच्या तिप्पट आनते. तुया नवऱ्याले काय सरकारनं दाराले शिवून ठेवलं?"

"हमालाले पिनशिन असते काय?" गोदाबाई विचारायची.

त्या एका शब्दावर गोदाबाईनं तेजीची सगळी वर्षं काढली. ज्वारी महागली, लुगडं महागलं, कापूस पिकवणाऱ्या मुलखात वात वळायलाही कापूस परवडेना. तिनं दुसऱ्यांची दळणं दळली. पण नवऱ्याला ती कधी 'सोडा' म्हणाली नाही. एक दिवस सरकार त्याला घरी बसवून खाऊ घालणार होतं. दिवसाउजेडी बसलेला नवरा तिनं लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता. मूलबाळ नव्हतं, देवाकडे दुसरं मागणंही नव्हतं. एवढंच.

पिनशिन बसेल किती, याचा अंदाज घ्यायला ती केशवराव कारकुनाच्या घरी गेली. केशवराव पुण्याकडचे. त्यांच्या बायकोचं दळण देऊन ती ओसरीखाली उभी राहिली.

"रावसाहेब, आमच्या घरच्यांची किती बसन?"

केशवरावांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "सगळी नोकरी धरली तर पगाराच्या निम्मे. सहाचे तीन. मोगलाईतली वर्षं धरली नाहीत तर दोनसुद्धा नाहीत."

"धरतीन काय?"

"ते वरच्या साहेबाच्या मनावर. पण बाई, त्याच्याआधी अमरावतीच्या मोठ्या डॉक्टरची चिठ्ठी हवी. शरीर नोकरीला निकामी झालं, अशी. ती नसेल तर माझा अंदाज चुलीत घाला." मग जरा पुढे झुकून म्हणाले, "आणि नवऱ्याला सांगा, डॉक्टरापुढे कण्हत जायचं. ताठ उभा राहिला तर मेला!"

परत येताना गोदाबाईनं रस्ताभर हिशेब केला. तीन रुपये आले तर दळण बंद. दोन आले तर निम्मी घरं ठेवायची. एक आला तरी तो बसेल. तिचा हिशेब इथं येऊन थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

आता घडलं ते असं की कण्हायचं तिनं नत्थुजीला बजावून सांगितलं, आणि साठवलेल्या पैशांतून त्याच्यासाठी नवा कोरा फेटाही आणला. साहेबापुढं जायचं म्हणजे माणसासारखं नको जायला? एका हातानं तिनं त्याला म्हातारा केलं आणि दुसऱ्या हातानं नवरदेव.

"साहेबापुढं कन्हू?" नत्थुजी म्हणाला. "छातीवर बिल्ला हाये माया!"

"बिल्ला नाही कन्हत, तुमाले कन्हाचं हाये."

गावातला चंद्रभान गाडीत कापूस भरून अमरावतीच्या बाजाराला निघाला होता. त्यानं दोघांना वर बसवलं. मऊ कापसाचा ढीग, वर ही दोघं, नवाबासारखी. नत्थुजीला मात्र इतकं मऊ बसवेना, सारखा चुळबुळत होता. मूर्तिजापूर मागं पडलं तशी गोदाबाई म्हणाली, "आता कन्हून पाहा बरं."

नत्थुजीनं घसा खाकरला. "हंऽऽ!"

बैल जागच्या जागी उभे राहिले.

"मामा," चंद्रभान मागं वळून म्हणाला, "हे कन्हनं हाये का बैल थांबवनं? बजारात भाव उतरून जाईन माया!"

तिघंही हसले. हसताना नत्थुजीनं कमरेला हात लावला आणि तोंडातून बारीकसा आवाज निघाला. "हां, असंच," गोदाबाई म्हणाली, "अस्संच." आणि तिला एकदम रडू आलं. ती कापसाकडं तोंड करून बसली.

अमरावतीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सकाळपासून माणसं बसली होती. नत्थुजीही बसला होता, खरोखर बसला होता, पाय मुडपून. त्याचा पिनशिनीचा कागद दवाखान्याच्या मुन्शीनं सगळ्यांत वर ठेवला होता. पायऱ्यांखाली एक गाडी उभी होती आणि गाडीत औषधाच्या बाटल्यांची भलीमोठी पेटी. ती उतरवायची दवाखान्याच्या हमालांनी. पण दोघंही हमाल आदल्या हाटापासून गायब होते. कुठं गेले हे सांगायला नको. सगळे जिथं जात होते तिथंच, कापसाच्या बाजारात.

डॉक्टर साहेब बाहेर आला. गाडी पाहिली, पेटी पाहिली आणि लाल झाला.

"कोई है? उठाओ!"

गोदाबाईला नवऱ्याचा खांदा हललेला दिसला. "आवो—" म्हणत तिनं हात टाकला, पण हातात आला तो नव्या फेट्याचा पाठीवर सुटलेला शेमला, आणि तोही निसटला. नत्थुजी उठला होता. पायऱ्या उतरला, गाडीच्या काठाशी वाकला, पेटी छातीशी घेतली, पायऱ्या चढला, साहेबाच्या पायाशी पेटी अशी ठेवली की आतली एकही बाटली वाजली नाही. मग टाचेला टाच लावून सलाम. सगळं एका दमात. त्याच्या तोंडाकडं पाहिलं तर वाटावं, याला कुणी विचारलंच नव्हतं. पायांनी आपापसात ठरवून टाकलं होतं.

"शाबास! किसका आदमी है?"

मुन्शीनं कागद पाहिला आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला. "हुजूर, ये पेन्शनवाला है. शरीर से निकामी—"

साहेब इतका हसला की व्हरांड्यातले आजारीही हसले. "आदमी मिलता नहीं! सब कपास में भाग गया! और सरकार ऐसे आदमी को छोड़ देगा?" त्यानं उभ्या उभ्याच कागदावर लिहिलं आणि आत गेला.

"काय लिवलं जी?" गोदाबाईनं विचारलं.

"नोकरीला धडधाकट," मुन्शी म्हणाला. "दोन वर्षांनी या, बाई."

नत्थुजी अजून सलामातच उभा होता.

संध्याकाळी धर्मशाळेत नत्थुजी भाकरी खायला वाकला तो वाकलेलाच राहिला. कंबर धरली होती. ना पुढं, ना मागं. रात्रभर गोदाबाई शेकत बसली आणि तिच्या मनात आलं, बरं झालं. मन तिचं स्वतःलाच लाजलं, पण आलं ते आलं. आता तर साहेबाला दिसेल!

सकाळी चंद्रभाननं आणि तिनं त्याला उचलून दवाखान्यात नेलं. आता नत्थुजी कण्हत होता, शिकवायची गरज राहिली नव्हती. साहेबानं दारातूनच पाहिलं.

"कल पेटी उठाया, आज नाटक करता है?"

नत्थुजीचं कण्हणं तिथंच थांबलं. ओठ मिटून त्यानं ताठ व्हायचा प्रयत्न केला, झालं नाही. गोदाबाई साहेबाच्या पाठीमागं दोन पावलं धावली. "खरं हाये जी साहेब, कालचं खोटं होतं!" दार लागलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडी रिकामी होती. कापूस विकला गेला होता आणि आता फळ्यांवर फळ्या आपटत होत्या. समोरून भरल्या गाड्यांची रांग संपतच नव्हती. चंद्रभाननं भाव चांगला मिळाल्याचं सांगितलं आणि मग उगाचच बैलांना हाकलू लागला. गोदाबाईनं नवा फेटा उलगडला आणि नवऱ्याच्या कमरेभोवती गच्च गुंडाळला, वेढ्यावर वेढा.

"फाटन तो," नत्थुजी म्हणाला.

"फाटू द्या."

फेट्याची गाठ चाचपत तो म्हणाला, "घरी गेल्यावर कोटाच्या आतून असाच बांधून देजो. उभं राहाले येईन."

"दोन सालं?"

"दोन सालं काय, जातीन." मग म्हणाला, "पन तवाबी कोनी 'उठाव' म्हनलं तर, वं?"

"तर मी तुमच्या मांडीवर बसीन. मंग उठून दाखवा, लोकाइच्या देखत!"

तो हसला नाही, पण हसल्यासारखं केलं. तिनं तेवढ्यावर भागवलं. दोन वर्षांचं दळण तिच्या डोळ्यांपुढं येऊ पाहत होतं. तिनं येऊ दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी, दिवस कलताना मोर्णा आली. पलीकडच्या काठावर जुन्या शहरातल्या चुलींचा धूर दिसत होता. पाण्यातून गाडी निघाली, पण पलीकडचा चढ ओला होता. एक चाक चिखलात रुतलं. बैलांनी मान टाकली. चंद्रभान खाली उडी मारून चाकाला भिडला आणि सवयीनं ओरडला, "अरे, हात लावा कोनी!"

नत्थुजीचं कोपर फळीवर टेकलंच होतं. मान उचलली गेली होती, एक पाय गाडीबाहेर निघाला होता.

गोदाबाईनं त्याच्या छातीवर, अगदी बिल्ल्यावर, तळहात ठेवला आणि दाबला.

"बसा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. पाय अजून बाहेरच होता.

"बसा म्हन्लं नं."

पाय हळूहळू आत आला. गोदाबाईनं लुगड्याचा काष्टा वर खोवला, चिखलात उतरली आणि चाकाला खांदा लावला. गाडी हलेपर्यंत तिनं वर पाहिलं नाही. हलली तेव्हा पाहिलं. नत्थुजी फळीला पाठ टेकून बसला होता, दोन्ही हात मांडीवर, आणि त्या हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.