बोलण्यात सात

इंग्रजीच्या परीक्षेत नऊपैकी वाचनात साडेआठ, ऐकण्यात आठ, लिहिण्यात साडेसात आणि बोलण्यात सहा. विद्यापीठाला प्रत्येकात किमान सात हवे होते. मातीच्या रसायनशास्त्रात पुढे शिकायचं म्हणून तिने बाकी सगळी कागदपत्रं जमवली होती. घोडं अडलं होतं ते या एका गुणापाशी.

"म्हणजे वाचायला वाघ आणि बोलायला शेळी," ताई फोनवर म्हणाली. "लहानपणी उलटं होतं गं. तुझ्या तोंडाला कुलूप लागावं म्हणून आई देवाला साकडं घालायची."

"देवाने उशिरा ऐकलं."

"पण इथून निघण्याआधी दिली होतीस की परीक्षा. तेव्हा सात मिळाले होते ना?"

"तो निकाल दोन वर्षांनी बाद होतो."

"का? भाषा काय शिळी होते?"

ती हसली, पण प्रश्न मनातून जाईना. तिकडे माती तपासणीच्या प्रयोगशाळेत तिने अकरा वर्षं काढली होती. पाहुण्या शास्त्रज्ञांना सगळी यंत्रं तीच इंग्रजीत समजावून सांगायची. इथे परदेशात आल्यापासून मात्र ती इस्पितळाच्या धुलाई विभागात चादरींच्या घड्या घालत होती. यंत्रांचा आवाज एवढा, की सगळ्यांच्या कानांत जाड बोळे घातलेले. टेबलाच्या पलीकडे एक उंच बाई असायची. चादरीची दोन टोकं हिच्याकडे, दोन तिच्याकडे. घडी घालताना चालत जवळ यायचं, टोकं तिच्या हातात द्यायची, पुन्हा मागे. दिवसातून तीनचारशे वेळा त्यांचे हात एकमेकींना लागत. बोलणं काय ते बोटांनी: दोन बोटं म्हणजे दुहेरी घडी, मूठ म्हणजे थांब.

मोजून पाहायची खोड जुनीच. एका मंगळवारी तिने दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द वहीत टिपले. एकोणीस. 'थँक यू' सहा वेळा, 'सॉरी' चार वेळा आणि दुकानात 'नो बॅग, प्लीज'. तिने पुन्हा बेरीज करून पाहिली. एकोणीसच.

प्रवेशाची मुदत संपायच्या आत आणखी एकदाच परीक्षा देता येणार होती.

परीक्षेच्या दिवशी समोर एक पिकल्या केसांच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी कार्ड सरकवलं: 'तुम्ही कोणाचा तरी निरोप घेतलात, त्या प्रसंगाविषयी बोला.' एक मिनिट विचाराला, दोन मिनिटं बोलायला.

तिने सुरुवात बरी केली. घर सोडायची सकाळ, गाडीत चढवलेल्या बॅगा, दारात उभे असलेले बाबा. "मी बाबांना म्हटलं, आय ॲम कमिंग."

म्हटलं आणि जीभ चावली. बाईंचं पेन कागदावर हललं. 'गोइंग' म्हणून दुरुस्त करणं सोपं होतं, पण बाबांना ती तसं म्हणालीच नव्हती. उंबऱ्यावरून कोणी 'जाते' म्हणतं का? एकदा दप्तर घेऊन 'जाते गं' म्हणाली होती, तर आईने पाठीत धपाटा घातला होता.

"तुम्हाला वाटेल मी चुकले," ती इंग्रजीत म्हणाली, "पण मी हेच म्हटलं होतं. आमच्या भाषेत घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. ते अशुभ. तो 'येतो' म्हणतो. तो जातोय हे सगळ्यांना दिसत असतं. बाबांनाही दिसत होतं. ते म्हणाले, ये."

मग शब्द आपोआप येत गेले. बाबांनी शर्टाचं बटण चुकीच्या काजात लावलं होतं, ते सांगायला आपण धजलो नाही, हेही तिने सांगून टाकलं. दोन वर्षांत एवढं सलग ती कोणाशी बोलली नव्हती. बाईंनी हात वर करून थांबवलं, तेव्हा तिला दचकायला झालं.

"मग, परत जाऊन आलात?" बाईंनी विचारलं. तो प्रश्न परीक्षेतलाच होता.

"नाही," ती म्हणाली. एका शब्दात उत्तर द्यायचं नाही, हे तिने घोकलं होतं.

निकाल आठवड्याने आला, कामाच्या मधल्या सुट्टीत. कपड्यांच्या कपाटापाशी उभं राहून तिने फोन उघडला. बोलणं: सात. तिने डोळे मिटून पुन्हा पाहिलं. सातच. ताईला फोन लावला, तर घंटा नुसती वाजत राहिली. ताई या वेळी वर्गावर असणार. बाबांना फोनवरचं ऐकू येत नाही.

भोंगा झाला. तिने कानांत बोळे घातले आणि टेबलापाशी गेली. उंच बाईने चादरीची दोन टोकं तिच्यापुढे धरली होती. तिने ती घेतली नाहीत.

"मला सात मिळाले!" ती इंग्रजीत ओरडली.

बाईने भुवया वर केल्या. तिने एक पंजा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं दाखवली. सात.

बाई समजूतदारपणे हसली. मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर बोट टेकवून तिने मान हलवली आणि दुसऱ्या हाताची पाच बोटं पसरली. सात वाजून सुटायला वेळ आहे अजून, आता कुठे पाच होतायत.

तिने मान डोलावली. चादरीची टोकं हातात घेतली आणि चालत पुढे झाली.