भरमाआप्पाचे कान आणि माझी टकटक

मित्रांनो, निपाणीत एका तंबाखूच्या वखारीमागे पत्र्याच्या शेडात जी जुनी मोटार उभी आहे ना, ती मी. हल्ली माझ्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते, पण जन्म माझा विलायतेतला बरं का! आगबोटीने मुंबई, तिथून रेल्वेने बेळगाव, अशी मी एकोणीसशे एकतीस साली आले. वखारीचे मालक मारुतीराव, त्यांनी मला निपाणी–बेळगाव रस्त्यावर उतारू नेणारी सर्व्हिस मोटार म्हणून घातलं आणि ड्रायव्हर भरमाआप्पाच्या हाती सोपवलं.

भरमाआप्पा म्हणजे लाख माणूस. त्याला अक्षरओळख नव्हती, पण दर अमावस्येला नारळ फोडून तो माझ्या बॉनेटला कान लावी. कुठला भाग झिजला, किती दिवस चालेल, हे नुसत्या आवाजावरून सांगे. "अण्णा, पिस्टनच्या रिंगा आजून दोन म्हैने काढतील. बेअरिंग मातूर आताच बदलू या," असं तो म्हणाला की मारुतीराव नवा भाग मागवत. ना उगाच घाई, ना चालढकल. असली निगा पाहून लोक माझी तारीफ करत, आणि मी फुगून जाई.

आठव्या वर्षी पुन्हा बेअरिंग झिजलं आणि माझ्या पोटात टकटक सुरू झाली. तवंदीचा घाट चढताना जीव नकोसा होई. त्याच वर्षी चैत्रात आप्पा जोतिबाच्या यात्रेला जाऊन आला आणि तिथला गुलाल त्याने माझ्या बॉनेटला फासला. पुढच्या अमावस्येला कान लावला, तर त्याचा चेहरा उजळला.

"अण्णा, देवानं गुण दिला बगा! आवाजच न्हाय. आजून वरीसभर काय बदलाय नको."

उतारू कुजबुजत, पण आप्पाच्या शब्दापुढे बोलणार कोण? मी मेली घसा फोडून टकटक करतेय आणि हा गुलालाला हात जोडतोय! झिजल्या बेअरिंगपायी पिस्टनचा दांडा तुटला असता तर इंजिन फुटून भरली मोटार घाटात मागे घसरली असती. आप्पाची माया आटली, असंच मला वाटलं. मी रुसले. सकाळी हँडल मारून मारून त्याचे हात दुखले तरी चालू होईना.

एके दिवशी त्याची बायको मालुबाई भाकरी घेऊन स्टँडवर आली. माझं इंजिन चालूच होतं.

"अवो, ही कण्हतीया की!"

"काय?"

"कण्हतीया म्हंते!"

आप्पा तिच्या ओठांकडे बघत राहिला. मालुबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तिने हळूच त्याच्या कानाला हात लावला आणि मोठ्याने विचारलं, "कदीपास्नं ऐकू येईना वो तुमास्नी?"

एक लोखंडी सळी घेऊन तिचं एक टोक त्याने दातांत धरलं, दुसरं माझ्या इंजिनावर टेकवलं. माझी टकटक दातांतून थेट त्याच्या डोक्यात गेली. त्याचे डोळे भरून आले.

"लई सोसलंस गं बाई," तो मला म्हणाला.

तसाच तो मारुतीरावांकडे गेला. "अण्णा, गुलालाचा गुण न्हवं. माझं कान गेल्यात. बेअरिंग आजच बदला. आन् उद्यापास्नं मोटार आपल्या क्लीनर गुंडूकडं चालवाय द्या."

मारुतीराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "चालवंल गुंडू. पर कुठला भाग कवा बदलायचा, त्ये तूच सांगायचं. दात हाईत न्हवं शाबूत?"

आप्पा रडता रडता हसला. नव्या बेअरिंगवर मी पुढे सहा वर्षं धावले, ती त्याच्या दातांच्या भरवशावर.

मित्रांनो, यंत्राची कुरकुर वेळेवर ऐका, हे तर मी सांगणारच. पण आपलं माणूस हाकेला ओ देईनासं झालं, तर रागावण्याआधी त्याच्या जवळ जा. आठ वर्षं ज्याने माझं दुखणं ऐकलं, तो रोज माझ्याच सीटवर बसून बहिरा होत होता, आणि मला त्याचा नुसता राग आला.