समोर आरसा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे, आणि माझ्यासमोर काहीच नव्हतं.

नाही, असं नाही सांगायचं. आधी जन्म, मग काम, मग म्हातारपण. पुन्हा सांगतो.

काचेच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पाठीवर चकाकता लेप, त्यावर लाल रंग, भोवती लाकडी चौकट, धरायला मूठ. एका केशकर्तनालयात मला काम मिळालं. केस कापून झाले की न्हावी मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरत. समोर भिंतीवर मोठा आरसा होता. मी मान त्याला दाखवायचो, तो गिऱ्हाइकाला. मग न्हावी विचारत, "बघा, ठीक आहे ना?" दर वेळी हेच शब्द. जाड माना, चामखिळीच्या माना, एका नवरदेवाची घामाने थबथबलेली मान. लोक कौतुक न्हाव्यांचं करत. त्यातलं थोडं मी आपल्या नावावर टाकायचो.

जग एवढंच असतं, असं मी धरून चाललो होतो. एक मान, आणि पलीकडे दुसरा आरसा.

आणि मग समोर

थांबा. आधी न्हाव्यांची मान.

दुसऱ्यांच्या मानांवर वाकून वाकून त्यांची स्वतःची मान खाली गेली, ती कायमचीच. हनुवटी छातीला टेकली. आडवं पडलं की कळ मस्तकात जायची, म्हणून झोपही बसूनच. दुकान मुलीने हाती घेतलं. त्याच सुमारास मी फरशीवर पडून उभा तडकलो. मुलीने नवा आरसा आणला, तो साखळीने भिंतीला बांधला, आणि मी खणात गेलो. सोबतीला बोथट कात्र्या आणि दात पडलेले कंगवे.

मग एका संध्याकाळी सगळा रस्ता बाहेर आला. आभाळात धूमकेतू होता. इतके दिवस ढगांनी झाकलेला, आज दिसत होता, उद्यापासून दिसणार नव्हता. न्हाव्यांच्या लहानपणी असा एक आला होता, तेव्हा ते झोपून राहिले होते. हा दुसरा. तिसरा काही त्यांच्या वाट्याला येणार नव्हता.

शेजारचा शिंपी त्यांचा जुना दोस्त. तो म्हणाला, "आता तरी मान वर कर की. बायकोच्या धाकाने खाली घातलीस, ती जाऊनही वर्षं झाली."

न्हावी हसले नाहीत. "मला माझ्या चपला दिसतात," ते म्हणाले. "त्याही मळल्यात."

मुलगी आत आली. नवा आरसा साखळीतून सुटेना. तिने खण उघडला, मला पदराने पुसलं, बाहेर नेलं आणि वडिलांच्या मांडीवर तिरपं धरलं.

समोर आरसा नव्हता.

मान नव्हती. भिंत नव्हती. मी दाखवायला गेलो आणि दाखवायचं ते संपेचना. काळं. त्यामागे आणखी काळं. ठिपके, इतके, की माझी काच पुरेना. आणि मधोमध पांढरं, पेटलेलं, मागे केस मोकळे सोडल्यासारखं काहीतरी. मी आरसा आहे, मित्रांनो, मला डोळे मिटता येत नाहीत.

"बाबा, बघा," मुलगी म्हणाली. "ठीक आहे ना?"

न्हावी बघत राहिले. मग हळूच विचारलं, "दोन आहेत?"

"एकच आहे. आरसा तडकलाय."

त्यांचा श्वास माझ्यावर आला आणि सगळं धुरकटलं. त्यांनी घाईघाईने मला बाहीने पुसलं, अगदी चुरा करून टाकतील इतक्या जोराने. धूमकेतू तिथेच होता.

"शेपूट जरा लांब राहिलंय," शेवटी न्हावी म्हणाले. "पण राहू दे. शोभतंय."

शिंप्याने टोपी काढून हातात घेतली.

मी अजून त्याच खणात आहे. खण बंद असतो, तरी मला समोर भिंत वाटत नाही. तडकलेला आरसा टाकून देऊ नका, असं मी शेवटी सांगणार होतो. पण ते राहू द्या. तुमच्या घरात कुणाची मान वर होत नसेल, तर मित्रांनो, आभाळ थोडं खाली धरा.