पहिला घोट

"सदरा काढ," मॅनेजर म्हणाला.

कमळूने राघोकडे पाहिलं. सदरा त्याचा नव्हता. प्रदर्शनाला जायचं म्हणून मेव्हण्याकडून मागून आणला होता.

"काढ रे," राघो म्हणाला. "रानातला मानूस बघायला येतात. सदऱ्यातले त्यांच्या घरात हायेत."

मॅनेजर हसला. कमळूने सदरा काढला, घडी घातली आणि मांडीखाली दाबून ठेवला.

शहापूरच्या शाळेच्या पटांगणात औषध कारखानदारांचं प्रदर्शन भरलं होतं. तंबूतंबूत बाटल्यांचे मनोरे, गोळ्या पाडायची यंत्रं, शेठ लोकांच्या गळ्यात झेंडूचे हार. मॅनेजरच्या कारखान्याने तर तंबूत जंगलच उभं केलं होतं. सागाच्या चार फांद्या जमिनीत खोचलेल्या, त्यांची पानं दुपारपर्यंत माना टाकून बसलेली. मध्ये लंगोटीवरचा कमळू, हातात कोयता, समोर साल काढायला कुड्याच्या फांद्या. डोक्यावर टांगलेली पाटी: 'रानातून बाटलीत'.

माणसं नाकाला रुमाल लावून येत. आधी साल बघत, मग बरगड्या. एका वकिलाच्या बायकोने छत्रीचं टोक कमळूच्या टाचेजवळ नेलं आणि मुलीला भेगा दाखवल्या.

"बघ गं, अगदी सालीसारखी."

मुलगी हसली. वकीलही हसला. कमळू साल काढत राहिला.

त्याला इथे आणला होता राघोने. राघो शेणवे गावचा. पाड्यापाड्यांवरून साल गोळा करून कारखान्याला पोचवायची, हा त्याचा धंदा. कमळूची बायको लहानी हिवतापाने दिवसाआड गोणपाटाखाली कुडकुडत होती, आणि लढाई लागल्यापासून त्यावरचं कडू औषध, कोयनेल, बाजारातून गडप झालं होतं. प्रदर्शन उठेपर्यंत बस, लहानीला कोयनेल देववतो, असा राघोचा शब्द होता.

तंबू उतरायला लागले तेव्हा मॅनेजरने राघोच्या हातात कागदाची पुडी ठेवली.

"खऱ्या कोयनेलच्या गोळ्या आहेत. त्याला किती द्यायच्या ते तुझं तू बघ."

असल्या लोकांचं औदार्य असंच असतं. स्वतःचे हात स्वच्छ, आणि घाण दुसऱ्याच्या ओंजळीत. राघोने पुडी कागदावरूनच चाचपली. एकाच्याच दुखण्याला पुरतील एवढ्या गोळ्या. त्याच्याही घरी जनी होती, त्याची लेक. थंडी भरली की तिचे दात वाजलेले ओटीवर ऐकू येत.

पुडी त्याने धोतराच्या कनवटीला लावली. मग मनोऱ्यातली एक बाटली ओढून काढली. त्या बाटल्या सकाळी त्याच्यासमोरच भरल्या होत्या. काळ्या गुळाचं पाणी, वर कारखान्याची चिठ्ठी.

"घे. लहानीला पाज."

कमळूने सदरा अंगात घातला होता. त्याने बाटली दोन्ही हातांनी घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि पुन्हा राघोपुढे केली.

"तू घे आदी."

"मी काय आजारी हाय?"

"तसा नाय, राघोदा. देनारा आदी घेतो. तुला म्हायत नाय काय?"

माहीत होतं. लहानपणी हगवणीने राघो अंथरुणाला खिळला होता, तेव्हा कमळूच्या बापाने कुड्याचा काढा आणला होता. म्हाताऱ्याने आधी स्वतः घोट घेतला, मग तीच वाटी राघोच्या तोंडाला लावली. पाड्यावर याशिवाय कुणी कुणाचं औषध घेत नसे.

राघोने बूच काढलं आणि घोट घेतला. गोड. चिकट. टाळूला धरून बसणारा गोड. थुंकता आला असता. पण कमळू त्याच्या तोंडाकडे बघत होता. राघोने डोळे मिटले, तोंड वाकडं केलं, खांदे शहारल्यासारखे उडवले.

"कडू?"

"निस्तं जहर."

कमळूचा चेहरा उजळला. "मंग खरा हाय."

तो निघाला, चार पावलं जाऊन थांबला आणि मागे आला. तंबूच्या कचऱ्यातून त्याने एक रिकामी बाटली उचलली, मेव्हण्याच्या सदऱ्याच्या टोकाने आतबाहेर पुसली आणि खाली बसून तिच्यात ओतायला लागला.

"ह्ये काय करतो?" राघो म्हणाला.

"जनीला पन ताप हाय ना? लहानी बोलली, गावला तर अर्धा राघोदाच्या पोरीला."

"नको रे. तुलाच लागंल. घेऊन जा तू."

"र्‍हव दे. पोर हाय ती."

राघोचा हात कनवटीशी गेला आणि तिथेच राहिला. कमळूने थेंब न सांडता अर्धं औषध ओतलं. बाटली राघोला द्यायला तो उठला. मग, आता देणारा तो होता म्हणून, त्याने ती आधी स्वतःच्या तोंडाला लावली.