काखोटीला की हवेतून

ड्वेन टोलेफसनला अमेरिकन फुटबॉलमधलं एकच कळायचं: चेंडू लांब फेकायचा. त्याची मोठी बहीण मार्लिस, तिलाही एकच कळायचं: चेंडू काखोटीला मारायचा आणि समोरच्याला आडवं करत पळत सुटायचं. बर्नीच्या बारमध्ये कॉम्प्युटरवरची लीग चालायची, त्यात दोघांचे संघ. खेळाडू सगळे लुटुपुटूचे, भांडणं मात्र अस्सल. गुरुवारी ज्याने त्याने आपला डाव बर्नीला कळवायचा: किती फेकणार, किती पळणार, बचाव कशाविरुद्ध लावणार. शुक्रवारी मासे तळणीत पडले की बर्नी बटण दाबायचा आणि सामना टीव्हीवर आपोआप खेळला जायचा.

"तुझं पळणं म्हणजे बैलाने भिंतीला धडका देणं गं," ड्वेन म्हणायचा.

"आणि तुझं फेकणं? अर्धे झेल समोरच्यांच्याच हातात. भारी दानशूर बाबा तू!"

अव्वल संघ दोन्ही मिसळून खेळायचा. पण या दीडशहाण्यांना सांगणार कोण? हंगाम संपत आला तेव्हा तळाशी हे दोघंच उरले, आणि शेवटचा सामना नेमका एकमेकांशी. हरेल त्याने पुढच्या शुक्रवारी शिकागोच्या संघाचा सदरा घालून अख्ख्या गावाला मासे वाढायचे, हा बारचा नियम.

विस्कॉन्सिनच्या माणसाने हाडवैरी शिकागोचा सदरा! ड्वेनचे वडील सख्ख्या पुतणीच्या लग्नाला गेले नव्हते, का, तर नवरा शिकागोचा. आई, इर्मा, तीसुद्धा सीमेपलीकडची, शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयची. पण लग्न होऊन आल्यापासून तिने माहेरच्या संघाचं नाव काढलं नव्हतं. वडील गेले तरी घरात तो विषय बंदच. बारच्या भिंतीवर वडिलांचा फोटो होता. त्याच्यासमोर शिकागोचा तो निळा रंग अंगावर घालून उभं राहायचं म्हणजे!

बुधवारी तो आईकडे कॉफीला गेला. आईने दार नीट लावून घेतलं.

"माझं नाव सांगू नकोस हं. मार्लिस या वेळी फेकणार आहे."

"काहीतरीच! ती आणि फेकणार?"

"अरे, लांबचे झेल घेणारे दोन गडी घेतलेत तिने. मला विचारत होती, ड्वेनला संशय येईल का म्हणून."

ड्वेनला आईचा मुका घ्यावासा वाटला. घरी जाऊन त्याने बचावाचे झाडून सगळे गडी पार मागे पेरले. येऊ दे म्हणावं आता चेंडू हवेतून!

शुक्रवारी बर्नीने बटण दाबलं. मार्लिसचा गडी चेंडू काखोटीला मारून पळाला. पुन्हा पळाला. समोर अडवायला कुत्रं नव्हतं. ते झेल घेणारे दोन गडी पुढे धावत उरल्यासुरल्यांना ढकलून वाट मोकळी करत होते. अख्ख्या सामन्यात मार्लिसने चेंडू एकदाही फेकला नाही. आई कोपऱ्यात कोशिंबीर खात होती.

"आई, तू तर म्हणालीस..."

"हो का? वय झालं रे माझं," ती म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी मार्लिसने सदरा आणला. नवा नव्हता. रंग विटलेला, कोपरांना ठिगळं, डांबराच्या गोळ्यांचा वास. शिव्या घालत ड्वेनने तो चढवला, आणि बापाच्या फोटोकडे न बघता पहिलं ताट फोटोखाली बसलेल्या आईपुढे ठेवलं.

इर्माने माशांकडे पाहिलंच नाही. तिने त्याची बाही चिमटीत धरली, ठिगळावरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

"माहेरून आणलेला माझा सदरा, बेचाळीस वर्षं पेटीच्या तळाशी होता रे. तुझ्या बाबांना पत्ता लागू दिला नाही," ती म्हणाली. "जरा वळ बघू. पाठीवरचा नंबर दिसू दे त्यांनाही."

ड्वेनने एकदा मार्लिसकडे पाहिलं. ती खाली मान घालून हसत होती. मग तो वळला.