ताकाची बाटली

"ओमके, ताकाच्या बाटलीत साबण भरून द्यायचा नाही, असा दुकानाचा नियम आहे. किती वेळा सांगू तुम्हाला?"

"मग लाव तुझं ते 'साबण' लिहिलेलं पिवळं लेबल आणि भर. का या वयात मला प्लास्टिकचा डबा घ्यायला लावतेस?"

रांगेतली माणसं हसली. वीत्स्केलाही हसू आवरेना. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या या गावात तिचं सुट्या मालाचं दुकान होतं. पीठ, डाळी, कॉफी, साबण, जे हवं ते ज्याने त्याने आपल्या बरणीत भरून न्यायचं. दुकान उघडलं तेव्हा गावाने नाकं मुरडली होती. पहिल्या दिवशी बरण्यांची पिशवी घेऊन आले ते एकटे डाउवे. जन्मभर मालवाहू बोट चालवलेले, आता बायकोच्या मागे एकटेच राहणारे. सगळं गाव त्यांना ओमके, म्हणजे काका म्हणायचं. "आमची आई असंच सामान आणायची, यात नवीन ते काय?" असं ते भेटेल त्याला ऐकवत सुटले आणि त्यांच्यामागून गाव आलं. म्हणून वीत्स्केचा त्यांच्यावर जीव होता, आणि त्यांच्यापुढे तिचे नियम जरा ढिले पडत.

तिने बाटली साबणाच्या पिंपाच्या नळाखाली धरली. कपडे धुण्याचा साबण, दाट, पांढरा, बिनवासाचा. या बिनवासाचंच तिला मोठं कौतुक. बाटली भरली आणि तेवढ्यात मागे कुणाची तरी कागदी पिशवी फाटून मसूर दुकानभर पांगले. ती झाडू घेऊन धावली. परत आली तोवर ओमके गेले होते.

दुपारी गर्दी ओसरल्यावर ती काउंटर पुसायला लागली, तर पिवळं लेबल तिथेच पडलेलं.

आज शुक्रवार. शुक्रवारी शाळा सुटली की नात यिट्टे ओमकेंकडे येते, ताकात रास्पबेरीचं सरबत घालून पिते. ते ताक ओमके शेतावरून अशाच बाटलीत आणतात. आणि ओमकेंची नजर हल्ली पार गेली आहे, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

तिने फोन लावला. वाजत राहिला. घरी एकटे असले की ते कानातलं यंत्र काढून ठेवतात. त्यांच्या मुलीला, आउकेला लावावा? बाबांना एकटं राहू द्यायचं नाही, असं आउके वर्षभर म्हणत होती. तिला निमित्तच हवं होतं. वीत्स्केने फोन खिशात टाकला, दुकानाला कुलूप घातलं आणि सायकल काढली.

कालव्यावरचा पूल उचललेला होता. एक शिडाची नौका रमतगमत खालून चालली होती.

"स्यूर्ड, पूल खाली घे!" ती पूलवाल्याला ओरडली. "पोरगी साबण पिईल!"

"काय पिईल?"

"साबण!"

"अगं, मग नौका काय डोक्यावर घेऊ?"

तिथे मात्र तिचा धीर सुटला. कुणाची अब्रू सांभाळत बसलोय आपण? तिने आउकेला फोन लावला. आउके हॉस्पिटलात ड्यूटीवर, फोन बंद.

पूल पुरता टेकायच्या आत तिने सायकल घातली. ओमकेंच्या मागच्या दाराला कधीच कडी नसे. ती तशीच आत घुसली.

टेबलावर पावाचे काप, मधोमध बाटली, दोन भरलेले ग्लास. त्यातला एक गुलाबी. ओमके डोळे मिटून, बोटांत बोटं गुंफून त्यांची लांबलचक प्रार्थना म्हणत होते. यिट्टेचेही हात जोडलेले होते, पण एक डोळा ग्लासावर होता.

वीत्स्केने दोन्ही ग्लास आपल्याकडे ओढले. बोट बुडवून जिभेला लावलं. कडू.

"आमेन तरी म्हणू दे की," ओमके डोळे न उघडता म्हणाले.

"ओमके, हे ताक नाही."

त्यांनी डोळे उघडले. बाटली चाचपून जवळ ओढली, एक थेंब बोटांत चोळला. बुळबुळीत. बराच वेळ ते चोळतच राहिले.

"माझी चूक," वीत्स्के म्हणाली. "लेबल लावायचं राहिलं."

"मला लेबल दिसतं असं वाटतं तुला?"

"आजोबा, मी नाही प्यायले," यिट्टे घाईने म्हणाली. "आमेन झालं नव्हतं ना."

ओमकेंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी आपल्याला झापलं असतं तर बरं झालं असतं, असं वीत्स्केला वाटलं.

"आउकेला कळायची गरज नाही," ती हळूच म्हणाली. "पुढच्या वेळेपासून मी डब्यात देईन."

"नको गं. संध्याकाळी ती पोरीला न्यायला येईल तेव्हा मीच सांगतो. खरं होतं तिचं." ते उठले, राहिलेला साबण धुण्याच्या बादलीत ओतला आणि बाटली घेऊन मोरीपाशी गेले. "ही तू घेऊन जा. दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल."

"राहू द्या, मी दुकानात धुते."

"खरकटी बाटली मी आजवर कुणाला दिलेली नाही."

त्यांनी पाणी भरलं, तळहाताने तोंड बंद करून बाटली खळबळून ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. फेस मोरीभर पसरला.

"यिट्टे, इकडे ये. गेला का गं फेस?"

ती टाचा उंचावून वाकली. "अजून आहे, आजोबा."

ओमकेंनी परत नळ सोडला.